सहाशे पांढऱ्या नोटा

तारीख 13 मार्च 1953. क्लब विगन. खेळाडू विल्यम जॉन बोस्टन, वय 18. रक्कम 3,000 पौंड. पुढे व्यावसायिक रग्बी लीगमध्ये 571 ट्राय (ट्राय म्हणजे चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवणे) करणाऱ्या विंगरच्या कारकिर्दीची ही पहिली नोंद. त्या संध्याकाळबद्दल कागद यापलीकडे काही बोलत नाही.

बाकीची हकिकत बिली बोस्टनने स्वतः सांगितलेली आहे, तीही बऱ्याच वर्षांनी. उत्तर इंग्लंडमधल्या विगनचे पदाधिकारी वेल्समधल्या कार्डिफला त्याच्या घरी आले. त्याला सही करायची नव्हती. आपल्या गावच्या कार्डिफ क्लबकडून खेळावे आणि पुढे वेल्सची लाल जर्सी घालावी, एवढीच त्याची इच्छा होती. पाहुण्यांनी 1,500 पौंड रोख टेबलावर मांडले. ही मंडळी एकदाची जावीत म्हणून आईने दुप्पट रक्कम सांगितली. पाहुण्यांनी तेवढेच आणखी काढून ठेवले. आईचा शब्द गेला होता. मुलाने सही केली.

गोष्ट इतकी नेटकी आहे की ती तपासून घ्यावीशी वाटते. पन्नास-साठ वर्षे पुन्हा पुन्हा सांगितलेली आठवण नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत होत जाते. घरात कोणी टिपण ठेवले नव्हते, पण नोटा तपासता येतात. 1943 पासून बँक ऑफ इंग्लंडने पाच पौंडांपेक्षा मोठी नोट काढणे बंद केले होते. तेव्हा पाचाची नोट म्हणजे साधारण 21 सेंटिमीटर लांब आणि 13 सेंटिमीटर रुंद असा पातळ पांढरा कागद. छपाई काळ्या शाईत आणि एकाच बाजूला, मागची बाजू कोरी. सगळ्या पाचाच्या धरल्या तर 1,500 पौंड म्हणजे अशा 300 नोटा, दुप्पट म्हणजे 600. एकेक नोट शेजारी-शेजारी पसरली तर पहिल्या 300 नोटांनाच नव्वदएक चौरस फूट जागा लागेल, म्हणजे आपल्याकडच्या चाळीतली जवळजवळ अख्खी खोली. तेव्हा पैसे ‘मांडले’ याचा अर्थ गड्ड्या ठेवल्या, असाच घ्यावा लागतो. त्या गड्ड्या साध्या जेवणाच्या टेबलावर आरामात मावतात. आठवण इथे खोटी ठरत नाही, थोडी आटोपशीर होते इतकेच.

रकमेचे वजनही काढून पाहू. त्या वर्षी ब्रिटनमधल्या पुरुष कामगाराची सरासरी कमाई आठवड्याला नऊ-साडेनऊ पौंड होती. म्हणजे 3,000 पौंड ही त्याची सहा वर्षांची मिळकत. पण बिली कामगार नव्हता. तो सक्तीच्या लष्करी सेवेतला जवान होता, आणि नव्या जवानाचा पगार आठवड्याला 28 शिलिंग, म्हणजे दीड पौंडालाही कमी. त्या पगारावर तेवढे पैसे जमवायला 41 वर्षे लागली असती. आईने आकडा गमतीने सांगितला की हट्टाने, हे कळायला मार्ग नाही. त्या घरात तो आकडा किती अशक्य वाटला असेल, हे मात्र या हिशेबातून कळते.

ते घर होते कार्डिफच्या गोदीलगतच्या ब्यूटटाउन वस्तीत, अँजेलिना स्ट्रीटवर. बाहेरचे लोक वस्तीला टायगर बे म्हणत. वडील सिएरा लिओनहून आलेले व्यापारी जहाजावरचे खलाशी, आई कार्डिफचीच, आयरिश वंशाची. अकरा भावंडांत बिली सहावा. जन्म 6 ऑगस्ट 1934.

या पिढीचा शोध घेणाऱ्याला सरकारी दप्तर फारसे हात देत नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या 1931 च्या जनगणनेचे कागद 1942 मध्ये आगीत जळाले. 1941 ची जनगणना युद्धामुळे झालीच नाही. 1951 ची झाली, पण ती शंभर वर्षे बंद राहणार. मधे उरते 1939 ची नोंदवही. युद्ध सुरू होताच, 29 सप्टेंबर 1939 रोजी, ओळखपत्रे आणि शिधापत्रिका देण्यासाठी देशभर घरोघर जाऊन ती भरली गेली. तिच्यातही शंभर वर्षे न झालेल्या, हयात माणसाची ओळ झाकलेली असते. पाच वर्षांचा बिली त्या वहीत असला, तर एका काळ्या पट्टीखाली असणार.

वडिलांच्या पिढीतल्या खलाशांचे कागद मात्र भरपूर आहेत, आणि त्याचे कारण चांगले नाही. पहिल्या महायुद्धाच्या शेवटापासून 1921 पर्यंत व्यापारी जहाजांवरच्या माणसांची कार्डे करण्यात आली. त्यांवर छायाचित्र, उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरच्या खुणा. जून 1919 मध्ये कार्डिफमध्ये गोऱ्या जमावांनी या वस्तीवर हल्ले केले, तिघांचा जीव गेला. 1925 मध्ये ‘रंगीत परकीय खलाशां’नी पोलिसांकडे नोंद करावी असा हुकूम निघाला. हुकुमात ‘परकीय’ असे लिहिलेले असूनही कार्डिफच्या पोलिसांनी तो आफ्रिकेतल्या, एडनच्या आणि हिंदुस्थानातल्या ब्रिटिश प्रजेलाही लावला. ज्या माणसांवर सरकारचा संशय, त्यांचे कागद जास्त. अभिलेखागारात काम करणाऱ्याला हा नियम लवकर पाठ होतो, आणि आपल्या हातातला पुरावा कोणत्या हेतूने तयार झाला होता हेही त्याने विसरू नये.

वस्तीचा याहून वेगळ्या हेतूने झालेला एक दस्तऐवज आहे. छायाचित्रकार बर्ट हार्डी 1950 मध्ये ‘पिक्चर पोस्ट’ साप्ताहिकासाठी टायगर बेमध्ये आला. त्याची चित्रे पाहिली की रस्ते कळतात, उंबऱ्यावर उभी असलेली माणसे, त्यांचे कपडे, रस्त्यात खेळणारी पोरे दिसतात. बिली तेव्हा 15 वर्षांचा. चित्रांतल्या प्रत्येक सावळ्या, अंगापिंडाने भरलेल्या मुलाकडे बोट दाखवून ‘हाच तो’ म्हणण्याचा मोह होतो. तो आवरायचा.

बिलीचे नाव कागदावर ठळक उमटू लागते ते संघांच्या याद्यांत. कार्डिफच्या शाळकरी मुलांचा संघ, वेल्सच्या पोरसवदा खेळाडूंचे संघ, ब्यूटटाउनमधला कार्डिफ इंटरनॅशनल अ‍ॅथलेटिक क्लब, आणि मग अठराही पूर्ण होण्याआधी नीथ. नीथ हा वेल्समधला मातब्बर क्लब. म्हणजे हा मुलगा कुणाच्या नजरेत आला नव्हता असे म्हणायची सोय नाही. त्याला निवडणारे होते आणि त्याच्याविरुद्ध खेळलेले कितीतरी. वस्तीपासून पायी अर्ध्या तासाच्या आत कार्डिफ आर्म्स पार्क. त्या मैदानावर खेळणाऱ्या कार्डिफ क्लबचे बोलावणे मात्र आले नाही.

इथे खेळाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण आपल्याकडे ‘रग्बी’ म्हटले की एकच खेळ डोळ्यांपुढे येतो. 29 ऑगस्ट 1895 रोजी उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांचे प्रतिनिधी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमले आणि मूळ संघटनेपासून वेगळे झाले. शनिवारी खेळायला गेले की गिरणी-खाणीतल्या कामगाराची मजुरी बुडे. ती भरून द्यावी की नाही, यावरून तंटा होता. वेगळ्या झालेल्यांचा खेळ पुढे रग्बी लीग म्हणून ओळखला गेला. 1906 पासून तो 15 ऐवजी 13 गड्यांचा झाला. जुनी रग्बी युनियन मात्र शंभर वर्षे हौशी राहिली, निदान नियमावलीत तरी. युनियनच्या खेळाडूने लीगचा पैसा घेतला की त्याला आपल्या जुन्या क्लबाचे दार कायमचे बंद. म्हणून विगनच्या कागदावरची ती सही म्हणजे क्लब बदलणे नव्हते. वेल्सची जर्सी तिथेच संपत होती.

कार्डिफने त्याला का घेतले नाही? बोस्टनने पुढे स्पष्ट सांगितले की कारण कातडीचा रंग हेच होते, अशी त्याची समजूत आहे. यावर सावध इतिहासकार विचारील की पुरावा कुठे आहे. तसा ठराव कुणी लिहून ठेवत नसते. न बोलावण्याचे इतिवृत्त नसते. एका मुलाला एका क्लबाने विचारले नाही, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही हे खरेच. म्हणून एक नाव बाजूला ठेवून याद्या एकत्र वाचाव्या लागतात. वेल्सच्या रग्बी युनियन संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, मार्क ब्राउन, उतरला 1983 मध्ये. त्याआधीच्या तीस वर्षांत एकट्या कार्डिफ शहरातून बिली बोस्टन विगनला गेला, जॉनी फ्रीमन 1954 मध्ये हॅलिफॅक्सला, कॉलिन डिक्सनही 1961 मध्ये हॅलिफॅक्सलाच, आणि त्याच वर्षी क्लाइव्ह सलिव्हन हलला. चौघेही कृष्णवर्णीय, चौघेही लीगमध्ये नावारूपाला आले. सलिव्हन तर 1972 मध्ये ग्रेट ब्रिटनचा कप्तान म्हणून विश्वचषक जिंकून परतला. एकाची गैरहजेरी योगायोग म्हणून सोडून देता येते. चौघांची, एकाच शहरातून, एकाच दिशेने झालेली गैरहजेरी तशी सोडता येत नाही. बोस्टनच्या समजुतीला हात देणारा कागद कोणता, असे कुणी विचारले तर मी 1983 पर्यंतच्या वेल्सच्या त्या संघयाद्या पुढे करीन.

याचा अर्थ उत्तरेकडे सगळे मोकळ्या मनाचे बसले होते असा नाही. विगननेच 1936 मध्ये वेल्समधल्या ब्रिनमॉरचा रॉय फ्रान्सिस हा 17 वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा घेतला होता आणि फार काळ न ठेवता बॅरो क्लबकडे जाऊ दिला. 1946 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातून त्याला वगळले गेले. तिथला वर्णभेद हे त्याचे कारण, असे लीगचे इतिहासकार मानतात. 1947 मध्ये न्यूझीलंडविरुद्ध खेळून तो ग्रेट ब्रिटनचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू झाला, आणि तेवढ्या एका कसोटीवरच त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द आटोपली. लीग पैसे मोजत होती, आणि पैसे मोजणाऱ्याला ट्राय हवे असतात. माझ्या मते फरक उदारपणाचा कमी आणि तिकीटविक्रीचा जास्त होता. पण त्या फटीतूनही माणसे आत शिरली.

बिली 1952 मध्ये लष्करात गेला आणि यॉर्कशरमधल्या कॅटरिकच्या छावणीत रॉयल सिग्नल्सकडून खेळू लागला. लष्करी करंडकाच्या 1953 च्या अंतिम सामन्यात वेल्श गार्ड्सविरुद्ध त्याने एकट्याने सहा ट्राय केले. विंगर म्हणजे मैदानाच्या कडेला, रांगेत सर्वांत शेवटी उभा असलेला गडी. चेंडू त्याच्यापर्यंत पोचायचा तर आतल्या चौघा-पाचांचे हात बिनचूक चालावे लागतात. तेव्हा सहा ट्राय म्हणजे सहाही वेळा शेवटचा पास झेलून समोरच्याला चुकवणे, किंवा त्याला सरळ अंगावर घेणे. बोस्टनला दोन्ही येत असे, आणि त्याची दहशत होती ती याच गोष्टीची. वेगवान विंगर पुष्कळ होते. पुढ्यातल्या बचावपटूला हा आता बगल देणार की धडक, हे शेवटच्या पावलापर्यंत न कळणे, हे दुर्मीळ.

सही मार्चची आणि विगनच्या पहिल्या संघातला पहिला सामना नोव्हेंबरचा. मधले महिने छावणीत गेले. विगनच्या राखीव संघाकडून तो आधी मैदानात उतरला, समोर बॅरोचा राखीव संघ. त्या दिवशी विगनच्या सेंट्रल पार्क मैदानावर आठ हजारांहून जास्त माणसे जमली. राखीव संघाचा सामना आपल्याकडे खेळाडूंचे नातेवाईक आणि झाडाखालचे रिकामटेकडे बघतात, तिकडेही फार वेगळे नसते. आठ हजार माणसे तिकीट काढून आली ती एका पोराला पाहायला. एखाद्या बातमीदाराने वापरलेल्या भारदस्त विशेषणांपेक्षा दारावर मोजलेला हा आकडा मला अधिक भरवशाचा वाटतो.

21 नोव्हेंबर 1953. पुन्हा सेंट्रल पार्क, पुन्हा बॅरो, या वेळी पहिले संघ. विगन 27, बॅरो 15. बोस्टनच्या नावावर एक ट्राय. जुने गुणफलक वाचताना एक पथ्य पाळावे लागते. त्या काळी ट्रायला 3 गुण होते, लाथेने केलेल्या गोलला 2. ट्रायचे 4 गुण झाले ते 1983 मध्ये. त्यामुळे नुसत्या 27 वरून त्या दिवशी काय घडले ते उमगत नाही. सात ट्राय आणि तीन गोल मिळूनही 27 होतात, पाच ट्राय आणि सहा गोल मिळूनही. पहिल्या हिशेबात चेंडू विंगांवर फिरला असेल, दुसऱ्यात जास्त काम लाथेने झाले असेल. बेरीज तीच, सामने दोन वेगळे. आणखी एक गोष्ट आजच्या प्रेक्षकाला ठाऊक नसते. चेंडू घेऊन धावणाऱ्याला अडवून पाडणे म्हणजे टॅकल; तेव्हा त्या टॅकलांना मर्यादाच नव्हती. चार टॅकलांनंतर चेंडू सोडण्याचा नियम 1966 मध्ये आला आणि 1972 मध्ये त्या चाराचे सहा झाले. 1953 मध्ये एखादा संघ मनात आणील तेवढा वेळ चेंडू आपल्याच पुढच्या फळीत घोळवत ठेवू शकत असे. विंगर तेवढा वेळ कडेला नोव्हेंबरच्या थंडीत उभा. अशा खेळात विंगरच्या खात्यावर जमा झालेला प्रत्येक ट्राय आजच्यापेक्षा महाग धरला पाहिजे.

यानंतर कागदांचा वेग एकदम वाढतो. 1954 च्या वसंतात ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यासाठी ग्रेट ब्रिटनचा संघ निवडला गेला, तेव्हा बोस्टनच्या नावावर विगनच्या पहिल्या संघाचे फक्त सहा सामने होते. वय 19, संघात सर्वांत लहान. ब्रिटिश संघाबरोबर दौऱ्यावर गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. आठ वर्षांपूर्वी फ्रान्सिससाठी जे दार उघडले नव्हते ते याच्यासाठी कसे उघडले, याला निवड समितीची उदार बुद्धी हे एक उत्तर आहे. दुसरे उत्तर ते सहा सामने आणि त्यांतले ट्राय. मी दुसऱ्याच्या बाजूने मत देतो.

सिडनीची पहिली कसोटी ऑस्ट्रेलियाने 37–12 अशी घेतली. 3 जुलैला ब्रिस्बेनला ब्रिटनने 38–21 असे उत्तर दिले. त्या सामन्यातली सगळी शाई लुइस जोन्सच्या दहा गोलांनी खाल्ली. हा जोन्सही वेल्सचा, युनियन सोडून लीगमध्ये आलेला. याच सामन्यात बोस्टन पहिल्यांदा कसोटी खेळला आणि त्याने दोन ट्राय केले. तिसरी कसोटी ऑस्ट्रेलियाने 20–16 अशी जिंकली. त्यानंतर 24 जुलैला ऑकलंडच्या कार्लॉ पार्कवर न्यूझीलंड 27–7 असे हरले, त्यात बोस्टनचे चार ट्राय. दौऱ्याअखेर त्याच्या नावापुढे 18 सामन्यांत 36 ट्राय लागले. कुठल्याही ब्रिटिश दौऱ्यात एका खेळाडूने तोवर एवढे केले नव्हते.

या 36 आकड्यावर मी जरा थांबतो. दौऱ्यातले बरेच सामने आडगावच्या स्थानिक संघांशी असत, त्यामुळे सरासरी फुगते, ही शंका रास्त आहे. पण ब्रिस्बेन आणि ऑकलंडच्या दोन कसोट्यांतच सहा ट्राय आहेत, आणि कसोट्या आडगावच्या नव्हत्या. दुसरे असे की विंगरचा हिशेब त्याच्या लगत आतल्या बाजूला खेळणाऱ्या सेंटरच्या हिशेबापासून सुटा करता येत नाही. अर्नी अ‍ॅशक्रॉफ्ट हा विगनचा सेंटर त्या दौऱ्यावर होता आणि क्लबातही बोस्टनच्या आतल्या बाजूला खेळे. गुणफलकावर ट्राय करणाऱ्याचे नाव येते, शेवटचा पास देणाऱ्याचे येत नाही. बोस्टनच्या सुरुवातीच्या ट्रायांपैकी किती अ‍ॅशक्रॉफ्टच्या हातातून निघाले, याचा आकडा कुठल्याच स्तंभात नाही. तो स्तंभच तेव्हा छापत नसत.

पुढचे दोन-तीन हंगाम झपाट्याने सांगता येतात. 1955 मध्ये ड्यूजबरीविरुद्ध एका सामन्यात सात ट्राय. 1956–57 च्या हंगामात 60. विगनकडून एकूण 488 सामन्यांत 478 ट्राय होणार होते, पण ते पुढे. नंतरच्या काळात विगनमध्ये पुतळा झाला, 2023 मध्ये कार्डिफ बेमध्येही झाला, क्लाइव्ह सलिव्हन आणि लीगचाच आणखी एक खेळाडू गस रिस्मन यांच्या जोडीने. 2025 मध्ये त्याला ‘सर’ किताब मिळाला, रग्बी लीगच्या खेळाडूला मिळालेला पहिला. बक्षिसे अशी मागाहून येऊन गोळा झाली की सुरुवातीची वर्षे आपोआप विजययात्रेसारखी दिसू लागतात. ती तशी नव्हती, म्हणून 1957 शी थांबतो.

त्या वर्षी जूनमध्ये ऑस्ट्रेलियात विश्वचषक झाला. बोस्टन 22 वर्षांचा, ग्रेट ब्रिटनच्या संघात. स्पर्धा आटोपल्यावर ब्रिटन आणि फ्रान्सचे संघ परतीच्या वाटेवर दक्षिण आफ्रिकेत उतरले. खेळाचा तिथे प्रसार व्हावा म्हणून दोघांनी प्रदर्शनीय सामने खेळायचे ठरले होते. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा वर्णभेदाचे कायदे होते. गोऱ्या संघात, गोऱ्यांच्या मैदानावर बोस्टनला खेळता आले नसते. विमान संघाला घेऊन दक्षिण आफ्रिकेकडे गेले. बोस्टन थेट इंग्लंडला परतला.

सामने तीन झाले. संघयाद्या उपलब्ध आहेत, गुणही उपलब्ध आहेत. विंगांवर दुसऱ्यांची नावे आहेत, आणि ती का आहेत ते कुठल्याही यादीत लिहिलेले नाही.